लॅपटॉप गरम, एफपीएस नरम : बिघाड शोधायची संशोधन पद्धत



नेट, सेट किंवा पेटची तयारी करणाऱ्यांना स्वाश्रयी चल, आश्रयी चल, परिकल्पना, नियंत्रण हे शब्द तोंडपाठ असतात. व्याख्या विचारली की धडाधड येते. पण "समोरचं यंत्र नीट चालत नाहीये, आता पहिल्या अर्ध्या तासात काय कराल?" असं विचारलं की बरेच जण गप्प होतात. गंमत अशी की पीएचडीला लागल्यावर व्याख्या फारसं कुणी विचारत नाही. रोज विचारला जातो तो हा दुसरा प्रश्न. कधी उपकरणाचं रीडिंग हलतं, कधी कोड अचानक मंद होतो, कधी मागच्या आठवड्याचा निकाल या आठवड्यात येत नाही.

म्हणून आज एक असं यंत्र घेऊया जे तुमच्यापैकी अनेकांच्या टेबलावर आहे: गेमिंग लॅपटॉप. सायन्सचे बरेच विद्यार्थी तो घेतात, कारण त्याच जीपीयूवर दिवसा सिम्युलेशन चालतं आणि रात्री गेम. आणि सगळ्यांची तक्रार एकच असते. "ताई, एफपीएस पडतोय. विकून दुसरा घेऊ का?"

थांबा. लॅपटॉप ही घरच्यांनी पोटाला चिमटा काढून किंवा हप्त्यांवर घेतलेली वस्तू असते. ती विकायची, मदरबोर्ड बदलायचा की नुसता पंखा साफ करायचा, हे अंदाजाने ठरवण्यासारखं नाही. आजच्या लेखात सांगायचं ते एवढंच: बिघाड दुरुस्त करायच्या आधी तो कुठे आहे हे मोजून ठरवा, आणि दुरुस्ती केल्यावर ती खरंच लागू पडली का हेही मोजूनच ठरवा. बाकी सगळं त्याचा तपशील आहे.

१. आधी तक्रार नीट मांडा

"लॅग होतोय" हे निरीक्षण नाही, ती भावना आहे. या एका शब्दाखाली निदान चार वेगवेगळ्या गोष्टी लपलेल्या असतात.

- गेम सुरू केल्यापासून शेवटपर्यंत एफपीएस कमीच आहे.
- सुरुवातीला मस्त चालतो, दहा-पंधरा मिनिटांनी बसतो.
- सरासरी चांगली दिसते, पण मध्येच झटके बसतात.
- चित्र एकदम गुळगुळीत आहे, पण बटण दाबल्यावर समोरचा उशिरा हलतो. ऑनलाइन गेममध्ये हा बहुतेकदा नेटवर्कचा प्रश्न असतो, त्याचा फ्रेम रेटशी संबंध नाही.

चारही तक्रारींची कारणं वेगळी आहेत. त्यामुळे आपली तक्रार कुठली, हे आधी एका वाक्यात लिहा. संशोधनात यालाच कार्यात्मक व्याख्या म्हणतात. परीक्षेत पाठ केलेला हा शब्द इथे पहिल्यांदा कामाला येतो.

आता थोडं गणित. एफपीएस म्हणजे एका सेकंदात किती फ्रेम तयार झाल्या. याला उलटं करा, म्हणजे एका फ्रेमला किती वेळ लागला ते कळेल. ६० एफपीएस म्हणजे प्रत्येक फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद. ३० एफपीएस म्हणजे ३३.३ आणि १४४ म्हणजे ६.९.

हे उलटं का करायचं? दोन कारणं आहेत.

पहिलं कारण, एफपीएसमधला फरक फसवा असतो. ३० वरून ४० झाले तर प्रत्येक फ्रेममागे ८.३ मिलिसेकंद वाचले. ९० वरून १०० झाले तर जेमतेम १.१. दोन्हीकडे "दहा एफपीएस वाढले", पण दोन्हींची किंमत सारखी नाही.

दुसरं कारण सरासरीचं आहे. समजा एका सेकंदात ५९ फ्रेम प्रत्येकी १० मिलिसेकंदांत झाल्या आणि एका फ्रेमने ४१० मिलिसेकंद खाल्ले. बेरीज करा: ५९० अधिक ४१०, बरोबर १००० मिलिसेकंद. म्हणजे ६० फ्रेम, सरासरी ६० एफपीएस. कोपऱ्यातला आकडा म्हणतो सगळं उत्तम, आणि खेळणारा मात्र जवळजवळ अर्धा सेकंद गोठलेल्या चित्राकडे बघत बसलेला.

हा मुद्दा उगाच किस काढल्यासारखा वाटेल, पण ग्राफिक्स कार्डांच्या परीक्षणांची पद्धतच यामुळे बदलली. २०११ मध्ये 'द टेक रिपोर्ट' या संकेतस्थळावर स्कॉट वॉसन यांनी सेकंदाची सरासरी सोडून प्रत्येक फ्रेमचा वेळ मोजायला सुरुवात केली. सरासरीत बरोबरीची दिसणारी कार्डं फ्रेमच्या वेळात वेगळी वागत होती. पुढे २०१३ मध्ये एएमडीने दोन कार्डं जोडून चालवणाऱ्यांसाठी फ्रेममधलं अंतर समान ठेवणारा ड्रायव्हर आणला. चिप तीच होती. मोजायची रीत बदलली, तेव्हा दोष दिसला, आणि दिसला म्हणून सुधारला गेला.

म्हणून सरासरीच्या जोडीला '१ टक्का लो' हा आकडाही लिहा. ६० एफपीएसने एक मिनिट खेळलात तर ३६०० फ्रेम होतात. त्यातल्या सर्वांत मंद ३६ फ्रेमचा वेग काय, याचा अंदाज हा आकडा देतो. वेगवेगळी सॉफ्टवेअर तो थोड्या वेगळ्या रीतीने काढतात, त्यामुळे सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच सॉफ्टवेअर वापरा.

२. बेसलाइन : हात लावायच्या आधीची नोंद

पहिला नियम: बेसलाइन घेतल्याशिवाय एकही सेटिंग बदलायची नाही. बदल केल्यावर "आता बरं वाटतंय" म्हणाल, तर कशाच्या तुलनेत?

मोजायला सगळी साधनं फुकट मिळतात. एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्यासोबतचं रिवाट्यूनर खेळताना पडद्यावर आकडे दाखवतं. कॅपफ्रेमएक्स प्रत्येक फ्रेमचा वेळ नोंदवून आलेख काढून देतं. एचडब्ल्यूइन्फो तापमान, क्लॉक, वॉट हे सगळं फाइलमध्ये साठवतं.

आता प्रोटोकॉल ठरवा. माझा सल्ला असा:

- दर वेळी तोच गेम, तीच जागा, त्याच सेटिंग. सायबरपंक २०७७, जीटीए ५, शॅडो ऑफ द टूम रेडर अशा गेममध्ये बेंचमार्क आतच दिलेला असतो, तो उत्तम. व्हॅलोरंटसारख्या गेममध्ये सरावाच्या मैदानात ठरलेल्या वाटेने फिरा. खऱ्या सामन्यात मोजू नका, कारण दर सामन्यात गर्दी वेगळी असते.
- व्ही-सिंक आणि फ्रेम मर्यादा बंद ठेवा.
- चार्जर लावलेला हवा, बॅटरी भरलेली हवी.
- आधी पंधरा-वीस मिनिटं गेम चालवून लॅपटॉप तापू द्या, मग मोजा.
- एक-एक मिनिटाच्या तीन फेऱ्या घ्या. एक कधीच नाही.
- वहीत खोलीचं तापमानही लिहा.

शेवटचा मुद्दा आपल्याकडे फार महत्त्वाचा आहे. पंखा खोलीतलीच हवा आत ओढतो. बाकी सगळं सारखं असेल तर खोली दहा अंशांनी तापली की आतले भागही साधारण तेवढेच जास्त तापतात. जानेवारीत महाबळेश्वरला घेतलेली बेसलाइन मे महिन्यात नागपूरला चालणार नाही. दुपारच्या आणि पहाटेच्या फेरीची तुलना करून "ड्रायव्हर बदलल्याने फरक पडला" म्हणणं म्हणजे ऋतूचं श्रेय ड्रायव्हरला देणं.

तीन फेऱ्या का? कारण काहीही न बदलता आकडे हलतात. ५४, ५७, ५६ आले, तर तुमच्या मोजमापाचा नैसर्गिक हेलकावा तीनेक एफपीएसचा आहे. मग एखाद्या 'जादूच्या सेटिंग'ने दोन एफपीएस वाढले, तर ते वाढले असं म्हणायचं नाही. शून्य परिकल्पना म्हणजे दुसरं काय?

३. फुकटच्या तपासण्या आधी

बिघाड शोधताना क्रम कसा लावायचा? ज्याला वेळ कमी लागतो, पैसे लागत नाहीत आणि जे परत जसंच्या तसं करता येतं, ते आधी. स्क्रूड्रायव्हर सर्वांत शेवटी.

*वीज.* गेमिंग लॅपटॉपची बॅटरी जीपीयूला पूर्ण ताकदीची वीज देऊ शकत नाही, म्हणून चार्जर काढला की वेग मुद्दाम कमी केला जातो. एनव्हिडियाच्या 'बॅटरी बूस्ट'मध्ये तर गेम ३० एफपीएसवर बांधला जाऊ शकतो. आणि चार्जर म्हणजे लॅपटॉपसोबत आलेलाच. १८० किंवा २३० वॉटच्या चार्जरच्या जागी मित्राचा ६५ वॉटचा टाइप-सी लावलात, तर चार्जिंगचं चिन्ह दिसेल, पण ताकद मिळणार नाही.

*मोड.* विंडोजचा पॉवर मोड आणि उत्पादकाच्या अ‍ॅपमधला सायलेंट किंवा परफॉर्मन्स मोड, दोन्ही बघा.

*कुठला जीपीयू?* बहुतेक गेमिंग लॅपटॉपमध्ये दोन जीपीयू असतात: प्रोसेसरच्या आतला छोटा आणि वेगळा मोठा. गेम चुकून छोट्यावर चालत असेल तर तुम्ही बाकी काहीही करा, उपयोग नाही. टास्क मॅनेजरमध्ये कुठला जीपीयू राबतोय ते पाहा. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमधल्या ग्राफिक्स विभागात त्या गेमला 'हाय परफॉर्मन्स' नेमून देता येतं.

*गोल आकडा.* एफपीएस बरोबर ३० किंवा ६० वर खिळल्यासारखा उभा असेल, तर ती मर्यादा कुणीतरी घातलेली आहे. उष्णतेने किंवा कमकुवत चिपने पडलेला एफपीएस ४३, ४७, ४१ असा डोलतो. साध्या व्ही-सिंकमध्ये ६० हर्ट्झच्या पडद्यावर फ्रेमला १६.७ ऐवजी १७ मिलिसेकंद लागले, तरी तिला पुढच्या ठोक्याची वाट बघावी लागते आणि एफपीएस थेट ३० वर येतो.

एवढ्यात काम झालं तर लेख इथेच सोडा. नाही झालं, तर आता खरी मजा.

४. एकच प्रयोग, जो अर्धे संशयित बाद करतो

घरी पोळ्या करताना एक जण लाटतो, दुसरा भाजतो. लाटायला १२ सेकंद आणि भाजायला २० सेकंद लागत असतील, तर दर २० सेकंदांनी एक पोळी डब्यात पडते. लाटणाऱ्याला कितीही घाई करायला सांगा, डब्यात पडणाऱ्या पोळ्या वाढत नाहीत. वेग ठरवतो तो मंद असलेला.

लॅपटॉपमध्ये सीपीयू लाटतो आणि जीपीयू भाजतो. सीपीयू ठरवतो की कोण कुठे आहे, काय हललं, काय काढायचं. जीपीयू ते पिक्सेलमध्ये रंगवतो. मग अडलंय कुठे?

रिझोल्यूशन कमी करून बघा. १९२० गुणिले १०८० म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० पिक्सेल. १२८० गुणिले ७२० म्हणजे ९ लाख २१ हजार ६००. पिक्सेलचं काम सव्वादोन पटींनी हलकं झालं, पण सीपीयूचं काम जवळपास तेवढंच राहिलं. आता:

- एफपीएस चांगला वाढला, तर अडथळा जीपीयूकडे.
- ढिम्म हलला नाही, तर अडथळा सीपीयू, रॅम किंवा एखाद्या मर्यादेकडे.

प्रयोगाचं सौंदर्य बघा. एकच चल बदलला, खर्च शून्य, आणि उत्तर कुठलंही आलं तरी निम्म्या शक्यता गळून पडतात. संशोधनात चांगला प्रयोग ओळखायची हीच खूण: निकाल काहीही लागला तरी तुम्ही शहाणे होता.

इथे एक सापळा आहे. टास्क मॅनेजर म्हणतो सीपीयू २० टक्केच वापरात आहे, म्हणून लोक त्याला निर्दोष सोडतात. पण १६ थ्रेडच्या प्रोसेसरमध्ये एक थ्रेड पूर्ण जुंपला तरी एकूण वापर सव्वासहा टक्केच दिसतो. गेमचा मुख्य थ्रेड एकटाच धापा टाकत असेल आणि बाकीचे पंधरा गप्पा मारत असतील, तर सरासरी शांतच दिसणार. त्यापेक्षा जीपीयूचा वापर बघा. मर्यादा काढलेली असताना तो ९५ टक्क्यांच्या वर टिकत असेल तर जीपीयू भरलेला आहे. ६० टक्क्यांवर रेंगाळत असेल तर तो कुणाची तरी वाट बघतोय.

५. जीपीयू अडलाय, पण कशामुळे?

शक्यता चार. चारही एचडब्ल्यूइन्फोच्या नोंदीत वेगळ्या दिसतात.

*उष्णता.* तापमान मर्यादेला टेकतं आणि त्याच क्षणापासून क्लॉक खाली सरकतो. एनव्हिडियाच्या बऱ्याच लॅपटॉप जीपीयूंची मर्यादा साधारण ८७ अंश असते, काही मॉडेलमध्ये ती कमीही ठेवलेली असते. जीपीयू कशामुळे अडलाय, तापमानाने की वीजमर्यादेने, हे एचडब्ल्यूइन्फो वेगळ्या ओळीत दाखवतं. ती ओळ बघा.

*वॉट.* तापमान आटोक्यात आहे, पण वीज एका आकड्याला चिकटून बसली आहे. हे डबडं नेमकं इथेच फसवतं. आरटीएक्स ४०६० लॅपटॉप जीपीयू ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत वेगवेगळ्या मर्यादेत बसवता येतो. नाव एक, पण दोन लॅपटॉपमधला वेग वेगळा. मित्राच्या लॅपटॉपशी तुलना करण्याआधी दोघांचे वॉट बघा. नाहीतर नसलेला बिघाड शोधत बसाल.

*मेमरी.* जीपीयूची स्वतःची मेमरी भरली की टेक्श्चर साध्या रॅममध्ये ठेवावी लागतात आणि ती आणायला वेळ जातो. सरासरी ठीक, पण मान वळवली की झटका. ४ जीबीच्या कार्डांवर हे वारंवार दिसतं. फक्त टेक्श्चर क्वालिटी एक पायरी खाली आणा. १ टक्का लो सुधारला आणि सरासरी फारशी हलली नाही, तर चोर सापडला.

*चौथी शक्यता* कुणाला आवडत नाही: काहीच बिघडलेलं नाही. क्लॉक नीट, तापमान नीट, वॉट नीट, जीपीयू ९९ टक्के राबतोय. गेमची मागणीच जास्त आहे. हा निकालही निकालच आहे. शंभर उपाय करत रात्री जागवण्यापेक्षा सेटिंग मीडियमवर आणा आणि झोपा.

६. सीपीयू अडलाय, तर?

आधी त्याचं तापमान आणि क्लॉक बघा. इंटेलच्या बऱ्याच लॅपटॉप प्रोसेसरांची मर्यादा १०० अंश असते. क्षणभर तिथे पोचणं गेमिंग लॅपटॉपमध्ये नवल नाही. क्लॉक पडून तो पडलेलाच राहतो का, हे महत्त्वाचं.

मग रॅम. स्वस्तात देताना अनेकदा एकच स्टिक बसवलेली असते. डीडीआर४-३२०० ची एक स्टिक एका चॅनेलवर सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी डेटा देते. दोन स्टिक दोन चॅनेलवर असतील तर ५१.२. सीपीयूवर अडलेल्या गेमला आणि विशेषतः प्रोसेसरच्या आतल्या छोट्या जीपीयूला हा फरक जाणवतो. दुसरी स्टिक घेणं हा लॅपटॉप बदलण्याच्या मानाने किरकोळ खर्च आहे. पण तोही रिझोल्यूशनचा प्रयोग सीपीयूकडे बोट दाखवत असेल तरच करा.

शेवटी पार्श्वभूमीला काय चाललंय ते. ब्राउझरचे चाळीस टॅब, क्लाउड सिंक, अँटिव्हायरसचं स्कॅन. एकेक बंद करून बघा. सगळे एकदम बंद केलेत तर गुन्हेगार कोण ते कळणार नाही.

७. एक पूर्ण उदाहरण

समजा मे महिना आहे, खोलीत ३८ अंश. गेम ९० एफपीएसने सुरू होतो आणि पंधरा मिनिटांनी ५५ वर येतो. यूट्यूबवरचा कुणीही म्हणेल, "थर्मल पेस्ट बदला." कदाचित बरोबरही असेल. पण आपल्याकडे निदान तीन परिकल्पना आहेत:

अ) लॅपटॉप तापून वेग कमी करतोय.
आ) गेममध्ये मेमरी साचत जातेय.
इ) पंधरा मिनिटांनी पार्श्वभूमीला काहीतरी सुरू होतंय.

आता प्रत्येकीला विचारा: तू खरी असशील तर काय दिसायला हवं, जे बाकीच्या दोघी खऱ्या असताना दिसणार नाही?

एफपीएस पडल्यावर गेम बंद करून लगेच पुन्हा सुरू करा, लॅपटॉपला थंड व्हायला वेळ देऊ नका. 'आ' खरी असेल तर पुन्हा ९० मिळतील आणि टिकतील, पंधरा मिनिटं. 'अ' खरी असेल तर सुरुवातीला थोडी उभारी येईल, पण गरम लॅपटॉप एक-दोन मिनिटांत परत ५५ ला बसेल. 'इ' खरी असेल तर गेम बंद असतानाही टास्क मॅनेजरमध्ये कुणीतरी राबताना दिसेल.

समजा 'अ'कडे कौल गेला. आता उपाय. लॅपटॉप गादीवरून टेबलावर घ्या आणि मागची बाजू दोन-तीन सेंटिमीटर उचला, म्हणजे खालच्या जाळीतून हवा आत जाईल. मोजण्यापूर्वी वहीत भाकीत लिहा: "एफपीएस ६५ च्या वर जाईल." मग तीन फेऱ्या घ्या.

गादीवर: ५६, ५४, ५७.
टेबलावर, उचलून: ६८, ७०, ६९.

इथे बहुतेक जण थांबतात. तुम्ही थांबू नका. लॅपटॉप परत गादीवर ठेवा आणि पुन्हा मोजा: ५५, ५७, ५६. आता म्हणा, फरक उचलण्यामुळेच पडला. हेलकावा तीनचा, अंतर तेराचं, आणि बदल मागे घेतल्यावर परिणामही मागे गेला. बदल करा, मोजा, बदल काढा, परत मोजा: ही चाल तुम्हाला प्रयोगशाळेत आयुष्यभर पुरेल.

८. फसवणारे चल

*नवा ड्रायव्हर.* ड्रायव्हर बदलला की आधी तयार झालेले शेडर बहुधा पुन्हा बनवावे लागतात, त्यामुळे पहिल्या फेरीत झटके जास्त येतात. तेवढ्यावरून ड्रायव्हरला शिव्या देऊ नका. पहिली फेरी सोडून द्या.

*क्रम.* 'आधी' थंड लॅपटॉपवर आणि 'नंतर' तापलेल्यावर मोजलंत, तर चांगला उपायही वाईट दिसेल. उलट केलंत तर वाईट उपाय चांगला.

*सर्वांत वाईट दिवस.* माणूस उपाय कधी करतो? सगळ्यात जास्त त्रास झाला त्या दिवशी. आणि सर्वांत वाईट दिवसानंतरचा दिवस, काहीही न करता, बहुधा बरा असतो. 'या एका सेटिंगने माझा लॅपटॉप वाचला' छापाच्या बऱ्याच गोष्टी इथून येतात.

*दहा उपाय एकदम.* व्हिडिओ बघून दहा सेटिंग बदलल्या आणि एफपीएस वाढला. छान. पण कदाचित एकीने वाढवला, एकीने कमी केला आणि आठ नुसत्या शोभेच्या. विंडोजची सुरक्षितता बंद करायला लावणारी एखादी त्यात असेल तर ती कायमची बंद राहिली.

९. दुकानात जाताना वही घेऊन जा

टेबलावर घेऊन, उचलूनही तापमान मर्यादेलाच टेकत असेल, आणि पूर्वी त्याच गेममध्ये तसं होत नसेल, तर पंख्यात धूळ साचली असेल किंवा थर्मल पेस्ट वाळली असेल. वॉरंटी असेल तर स्वतः उघडायच्या आधी तिच्या अटी वाचा.

सर्व्हिस सेंटरवर "स्लो झालाय" म्हणालात, तर समोरच्याकडे अंदाजाशिवाय काही नसतं, आणि त्या अंदाजाचं बिल तुम्ही भरता. त्याऐवजी सांगा: "खोलीत ३० अंश असताना दहाव्या मिनिटाला जीपीयू ८७ ला जातो, क्लॉक पडतो, पंखा पूर्ण वेगात असतो. गेल्या वर्षी याच फेरीत ७६ होता." आता गप्पा वेगळ्या होतात. मदरबोर्ड बदलायचा सल्ला मिळालाच, तर विचारा की या नोंदीतली कुठली गोष्ट मदरबोर्डकडे बोट दाखवते. आणि साफसफाई झाल्यावर घरी येऊन तीच फेरी, त्याच पद्धतीने, पुन्हा घ्या.

१०. आता हे सगळं संशोधनात

एफपीएस हा शब्द काढून टाका. मॉलिक्युलर डायनॅमिक्सवाले दिवसाला किती नॅनोसेकंद सिम्युलेशन झालं हे मोजतात, मशीन लर्निंगवाले सेकंदाला किती नमुने शिकवले हे. त्याच लॅपटॉपवर, त्याच उष्णतेत, त्याच वॉटमध्ये. रात्रभर चालवलेलं सिम्युलेशन सकाळी अर्धंच झालेलं दिसलं, तर गाईड विचारणार, "का?" तेव्हा "लॅपटॉप स्लो आहे सर" हे उत्तर नाही. "तिसऱ्या तासापासून जीपीयू वीजमर्यादेवर होता, हा बघा आलेख" हे उत्तर आहे. अशी उत्तरं द्यायची सवय ज्याला लागली, त्याला मुलाखतीत 'रिसर्च अ‍ॅप्टिट्यूड' वेगळं दाखवावं लागत नाही.

या आठवड्याचा गृहपाठ सोपा आहे. एक वही घ्या, पाच रकाने आखा: तारीख आणि खोलीचं तापमान, काय बदललं, भाकीत काय, तीन फेऱ्यांचे आकडे, निष्कर्ष. भाकीताचा रकाना मोजण्याआधी भरायचा, पेनने. चुकलेलं भाकीत खोडायचं नाही. दहा ओळी भरल्या की तुमचा लॅपटॉप नेमका कुठे अडतो ते तुम्हाला कळलेलं असेल.

शंका असतील तर जरूर विचारा. फक्त विचारताना बेसलाइनचे तीन आकडे सोबत द्या.